चँडोस चित्रातला माणूस शेक्सपिअरच का? मालकीच्या साखळीवर किती भिस्त ठेवायची?

रंगपेटी

लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत 'एनपीजी १' अशी नोंद असलेलं एक तैलचित्र आहे. १८५६ साली गॅलरी स्थापन झाली तेव्हा संग्रहात आलेलं हे पहिलं चित्र. कॅनव्हास लहानसाच, उंची साधारण ५५ सेंटीमीटर आणि रुंदी ४४. काळ्या अंगरख्यातला, विरळ झालेल्या केसांचा एक माणूस आपल्याकडे बघतोय. कानात सोन्याची बाळी, पांढरी कॉलर, तिचे बंद सैल सोडलेले. काळ १६०० ते १६१० च्या दरम्यानचा. हा विल्यम शेक्सपिअर, असं मानलं जातं. चित्राला 'चँडोस पोर्ट्रेट' म्हणतात.

या 'मानलं जातं'बद्दलच मला बोलायचं आहे. शेक्सपिअरच्या चित्रांवर चर्चा सुरू झाली की लोक लगेच कपाळ, नाक, डोळे जुळवायला बसतात. समोर ठेवतात १६२३ च्या फोलिओतलं, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहातलं, मार्टिन ड्रूशाऊटने कोरलेलं चित्र आणि त्याच्या गावच्या, स्ट्रॅटफर्डच्या चर्चमधला अर्धपुतळा. दोन्ही गोष्टी कवीच्या मृत्यूनंतर लोकांसमोर आलेल्या. चेहऱ्यावरून काही ठरत नाही, कारण जुळवायला खात्रीचा चेहराच आपल्याकडे नाही. मग उरतं काय? हे चित्र कुणाकुणाच्या हातून गेलं, ते. आणि त्या कसोटीवर हे चित्र टिकतं असं माझं ठाम मत आहे.

साखळी अशी. तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा जॉर्ज व्हर्ट्यू जुन्या चित्रांची माहिती वह्यांमध्ये टिपून ठेवायचा. १७१९ च्या सुमारास त्याने लिहून ठेवलं की हे चित्र इनर टेंपल या लंडनच्या वकिलांच्या संस्थेतले वकील रॉबर्ट केक यांच्याकडे आहे. त्यांनी ते नट थॉमस बेटरटन याच्याकडून ४० गिनींना (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी सोन्याचं नाणं) घेतलं. बेटरटनला ते मिळालं सर विल्यम डॅव्हनंटकडून. डॅव्हनंटला ते जॉन टेलर नावाच्या माणसाने मृत्युपत्राने ठेवलं होतं. टेलर हा नट आणि चित्रकार, शेक्सपिअरचा जवळचा मित्र, आणि चित्र त्यानेच काढलेलं.

केकनंतरचा प्रवास कागदोपत्री सरळ आहे. केककडून ते निकल कुटुंबात गेलं. मार्गारेट निकलने १७५३ साली ज्याच्याशी लग्न केलं तो पुढे चँडोसचा तिसरा ड्यूक झाला. त्याच्या मुलीच्या लग्नातून चित्र बकिंगहॅमच्या घराण्यात, स्टोच्या हवेलीत पोचलं. १८४८ साली बकिंगहॅमचा दुसरा ड्यूक कर्जात बुडाला आणि हवेलीतल्या वस्तूंचा लिलाव ४० दिवस चालला. तिथे अर्ल ऑफ एल्समीअरने हे चित्र ३५५ गिनींना घेतलं आणि १८५६ मध्ये नव्या गॅलरीला देऊन टाकलं.

म्हणजे चँडोस घराण्याचा या चित्राशी संबंध लग्नातून आलेला. त्यांनी ते शोधलं नाही, काढवून घेतलं नाही, शेवटी सांभाळूही शकले नाहीत, आणि नाव मात्र त्यांचं लागलं. माझ्या मते याला डॅव्हनंटचं चित्र म्हणायला हवं. डॅव्हनंट १६०६ साली ऑक्सफर्डमध्ये जन्मला, त्याच्या आईबापांची तिथे मद्यशाळा होती, आणि स्ट्रॅटफर्ड-लंडन वाटेवर शेक्सपिअर तिथे उतरायचा असं जुने लोक सांगत. हा मुलगा त्याचा धर्मपुत्र मानला जाई. पुढे तो राजकवी झाला, स्वतःची नाटक मंडळी काढली. बेटरटन त्याच मंडळीतला पहिल्या फळीचा नट. चित्र या दोघांच्या घरी होतं. कवीला पाहिलेली माणसं ज्यांना रोज भेटत होती, अशा घरांत. याहून जवळचा पुरावा चारशे वर्षांनी कुठून आणायचा?

दप्तरखाना

साखळी तुम्ही नीट मांडलीत, पण तिच्या कड्या सारख्या वजनाच्या नाहीत. १८५६ पासून मागे केकपर्यंत कागद आहेत, तिथे माझा वाद नाही. केकच्या मागे जे काही आहे ते एका वहीतल्या काही ओळी आहेत आणि त्या ओळींमागे स्वतः केक आहे. ज्याने चित्रासाठी ४० गिनी मोजल्या, त्यानेच सांगितलं की हे अस्सल आहे. कोर्टात अशा साक्षीला किती किंमत मिळते हे तो वकील असल्याने त्यालाही ठाऊक असणार.

त्याच वहीत चित्रकाराचं नाव आधी रिचर्ड बर्बेज असं लिहिलं होतं. मग ते खोडून टेलर केलं. बर्बेज हा शेक्सपिअरच्या मंडळीचा मुख्य नट, तोही चित्रं काढायचा. म्हणजे सांगणाऱ्याला, नाहीतर लिहिणाऱ्याला, सर्वांत महत्त्वाचं नावच पक्कं माहीत नव्हतं. काही जुन्या लेखांत बेटरटन आणि केक यांच्यामध्ये एलिझाबेथ बॅरी या नटीचं नाव येतं, केकने चित्र तिच्याकडून घेतलं असं. आणि टेलरच्या ज्या मृत्युपत्राचा दाखला दिला जातो, त्यात या चित्राची नोंद आहे असा कागद पुढे आलेला नाही.

डॅव्हनंटबद्दल तुम्हाला आदर आहे, तो मलाही आहे. पण साक्षीदार म्हणून तो कसा होता ते बघा. त्या काळचा चरित्रकार जॉन ऑब्री याने लिहून ठेवलंय की दोस्तांबरोबर वाइन घेताना आपण शेक्सपिअरचे नुसते धर्मपुत्र नसून खरेच पुत्र आहोत असं लोकांना वाटलं तर डॅव्हनंटला ते आवडायचं, मग त्यात आईची अब्रू गेली तरी. १६६० मध्ये नाट्यगृहं पुन्हा उघडली तेव्हा शेक्सपिअरची काही नाटकं करण्याचा हक्क त्याने राजाकडून मिळवला. शेक्सपिअरशी नातं असणं हा त्याचा अभिमान होता आणि धंदाही होता. अशा माणसाच्या भिंतीवर शेक्सपिअरचं चित्र असणारच. ते खरं होतं की त्याला हवं होतं म्हणून शेक्सपिअरचं झालं, हे त्याच्या भिंतीवरून कळत नाही.

थेम्सकाठ

मी हे चित्र गॅलरीत बऱ्याचदा पाहिलंय. छापील प्रतीत दिसतं त्यापेक्षा फार काळवंडलेलं आहे. रंगपेटींच्या बाजूने एक गोष्ट सांगते. डॅव्हनंट-बेटरटनच्या काळात हे चित्र कुणाचं आहे याबद्दल शंका घेतल्याचं दिसत नाही. गॉडफ्री नेलर या दरबारी चित्रकाराने त्याची नक्कल करून कवी ड्रायडनला भेट दिली, आणि ड्रायडनने नेलरला उद्देशून लिहिलेल्या कवितेत तिचा आदराने उल्लेख केला. १७०९ साली निकलस रोने शेक्सपिअरची नाटकं छापली, त्यातही याच चेहऱ्यावरून कोरलेलं चित्र आहे. म्हणजे केकने ४० गिनी मोजण्याच्या आधीच हा चेहरा शेक्सपिअरचा म्हणून लोकांना माहीत होता. 'विकत घेणाऱ्याने गोष्ट रचली' हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

दप्तरखाना

केकने गोष्ट रचली असं मी म्हटलेलं नाही. त्याचं म्हणणं तपासायला दुसरा स्वतंत्र साक्षीदार नाही, असं म्हटलं. ड्रायडन हा तर डॅव्हनंटचाच सहकारी, दोघांनी मिळून शेक्सपिअरचं 'टेंपेस्ट' नाटक नव्याने बसवलं होतं. रोला शेक्सपिअरच्या आयुष्याची माहिती पुरवली ती बेटरटनने. फिरून सगळे त्याच घरातले. एकाच विहिरीचं पाणी पाच घागरींत भरलं म्हणून पाच विहिरी होत नाहीत.

आणि या घरातून आलेली दुसरी एक गोष्ट आपल्याला तपासता येते, ती तपासूया. जॉन डाउन्स हा डॅव्हनंटच्या मंडळीचा प्रॉम्प्टर. त्याने १७०८ साली छापलं की बेटरटनला हॅम्लेटची भूमिका डॅव्हनंटने बारकाव्यांसकट शिकवली, डॅव्हनंटने ती टेलरला करताना पाहिली होती, आणि टेलरला ती खुद्द शेक्सपिअरने शिकवली होती. शेक्सपिअर, टेलर, डॅव्हनंट, बेटरटन. हीच साखळी, हीच नावं! हा टेलर म्हणजे नट जोसेफ टेलर. तो राजाच्या मंडळीत, म्हणजे शेक्सपिअरच्याच मंडळीत, आला १६१९ मध्ये, बर्बेज वारल्यावर. शेक्सपिअर १६१६ मध्येच गेला होता. कवीने त्याला हॅम्लेट शिकवला असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

म्हणजे या घराला एक सवय होती. आपल्याकडे जे होतं त्याचं दुसरं टोक थेट शेक्सपिअरच्या हातात नेऊन द्यायचं. भूमिकेच्या बाबतीत ते उघड पडलं. चित्राच्या बाबतीत तेच झालं नसेल हे कशावरून? टेलर हे नावसुद्धा भूमिकेच्या गोष्टीतून चित्राच्या गोष्टीत उतरलं असेल.

वॉर्निश

मी जुन्या चित्रांची डागडुजी करते, इंग्लिश नव्हे, इथल्याच संग्रहांतली. त्यामुळे थोडं रंगाबद्दल.

२००६ साली गॅलरीच्या दीडशेव्या वर्षानिमित्त टार्निया कूपर यांनी शेक्सपिअरच्या कथित चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. त्याआधी काही वर्षं त्या चित्रांची तांत्रिक तपासणी झाली. चँडोस चित्र त्यात काळाच्या कसोटीवर उतरलं. कॅनव्हास, रंगद्रव्यं, कपड्यांची तऱ्हा सगळं सतराव्या शतकाच्या सुरुवातीशी जुळतं. सैल सोडलेले बंद ही त्या वेळी कवी-लेखकांच्या चित्रांत दिसणारी लकब. कवी जॉन डनच्या तरुणपणीच्या चित्रातही ती आहे. पृष्ठभाग मात्र खूप घासला गेलाय, केस आणि दाढी नंतर कुणीतरी वाढवलीय. त्यामुळे या चेहऱ्यावरून पुतळ्याशी तुलना करणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की आपण मूळ दाढी बघतच नाही आहोत.

त्याच तपासणीत 'फ्लॉवर' चित्राचं काय झालं ते सांगते. रॉयल शेक्सपिअर कंपनीकडचं हे चित्र. वरच्या कोपऱ्यात शेक्सपिअरचं नाव आणि १६०९ हे साल ठळक लिहिलेलं. बरेच लोक त्याला फोलिओतल्या चित्राचं मूळ समजत. त्यात क्रोम यलो सापडला. हा रंग एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाआधी चित्रकारांना मिळतच नव्हता. सोळाव्या शतकातल्या एका मेरी आणि बाळ येशूच्या चित्रावर रंग चढवून कुणीतरी ते बनवलं होतं. फोलिओतल्या चेहऱ्याशी सगळ्यात जास्त जुळणारं चित्र हेच, कारण बनवणाऱ्याने समोर फोलिओच ठेवला होता. चेहरा जुळणं हा पुरावा नाही, या रंगपेटींच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण रंग एवढंच सांगतो की चित्र त्या काळातलं आहे. बसलेल्या माणसाचं नाव रंगात नसतं.

कोकणकडा

चेहऱ्यावरून लोक कसे न्याय करतात यावर थोडं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक इंग्रज विद्वानांनी चँडोस चित्र नाकारलं ते मालकीच्या इतिहासात खोट सापडली म्हणून नव्हे. त्यांना हा माणूस फार सावळा, परका वाटला. शेक्सपिअरच्या नाटकांचा संपादक जॉर्ज स्टीव्हन्सने त्याच्या रंगाची ज्यूंशी आणि कावीळ झालेल्या धुराडं साफ करणाऱ्याशी तुलना केली. १८६४ मध्ये हेन फ्रिसवेलने लिहिलं की आपला अस्सल इंग्रज शेक्सपिअर असा काळसर, परदेशी चेहऱ्याचा असेल ही कल्पनाच करवत नाही.

हे वाचून मला राग आला, आजही येतो. कवी आपल्या मनासारखा दिसला नाही म्हणून पुरावाच बाजूला सारायचा! आणि हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. २००९ साली कॉब घराण्याकडचं 'कॉब चित्र' शेक्सपिअरचं म्हणून पुढे आलं तेव्हाही गोरा, गुलाबी, रेशमी कपड्यांतला तरुण बघून लोक हरखले. स्टॅन्ली वेल्स यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकाने ते शेक्सपिअरचं असल्याचं सांगितलं. टार्निया कूपर आणि कॅथरीन डंकन-जोन्स यांना तो त्या काळचा दरबारी सर थॉमस ओव्हरबरी वाटतो, आणि मलाही त्यांचंच पटतं. कॉब चित्राची जी नक्कल वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहे, तिच्यावर पूर्वी कुणीतरी रंग चढवून कपाळ मोठं केलं होतं, तो माणूस शेक्सपिअरसारखा टकला दिसावा म्हणून. १९८८ मध्ये वरचा रंग काढला तेव्हा खालचे केस दिसले.

म्हणून मी रंगपेटींच्या बाजूने. मालकीची साखळी निदान कातडीचा रंग विचारत नाही.

थेम्सकाठ

कोकणकडा, तुमचा राग रास्त आहे. फक्त कॉब चित्राच्या बाजूने मांडलेला मुख्य मुद्दाही मालकीचाच होता, हे लक्षात घ्या. शेक्सपिअरने ज्याला आपल्या कविता अर्पण केल्या त्या साउथॅम्प्टनच्या अर्लच्या वंशातून ते कॉब घराण्यात आलं, असं सांगितलं गेलं. साखळी ऐकायला चँडोसपेक्षाही भारदस्त. तरी तुम्हाला ती पटली नाही आणि चँडोसची पटते. का? या प्रश्नाचं उत्तर मला हवंय.

आणि डनचं नाव वर आलंच आहे, तर त्याच्या चित्राची गोष्ट इथे फार कामाची आहे. १५९५ च्या सुमारास काढलेलं, मोठी काळी हॅट घातलेल्या तरुण डनचं चित्र. १६३० च्या मृत्युपत्रात त्याने ते, आपलं सावल्यांमध्ये काढलेलं चित्र असं वर्णन करून, मित्र रॉबर्ट कर याला ठेवलं. करच्या लोदियन घराण्यात ते राहिलं. साखळी म्हणावी तर सोन्याची, मृत्युपत्रापासून सगळं ठाकठीक. तरीही त्या घरात लोक विसरले की हा कोण! नावाच्या साधर्म्यावरून मध्ययुगातल्या डन्स स्कोटस या तत्त्वज्ञाचं चित्र म्हणून ते ओळखलं जाऊ लागलं. १९५९ मध्ये जॉन ब्रायसन यांनी ओळखलं तेव्हा कुठे डनला त्याचं तोंड परत मिळालं. २००६ मध्ये लोकवर्गणीसह १४ लाख पौंड उभे करून नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने ते घेतलं.

म्हणजे वस्तू हातोहात नीट गेली तरी नाव नीट जाईलच असं नाही. नाव आणि वस्तू वेगवेगळ्या वाटांनी प्रवास करतात. डनचं नाव परत मिळालं ते मृत्युपत्राच्या कागदामुळे. शेक्सपिअरच्या मृत्युपत्रात घरातला दुसऱ्या क्रमांकाचा चांगला पलंगसुद्धा आहे, चित्राचा उल्लेख नाही.

रंगपेटी

थेम्सकाठ, कॉब आणि चँडोसमधला फरक सांगते. कॉबच्या बाबतीत ते शेक्सपिअरचं आहे असं त्या घरातल्या कुणी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं नव्हतं. २००६ च्या प्रदर्शनात फोल्जरकडची नक्कल पाहिल्यावर मालकाच्या ते ध्यानात आलं, आणि मग साउथॅम्प्टनचं नातं शोधलं गेलं. आधी ओळख, मागून साखळी. चँडोसमध्ये साखळी आणि नाव दोन्ही सतराव्या शतकापासून बरोबर चालत आलेत. तुमच्या डनच्या उदाहरणात नाव हरवलं ते सरदाराच्या वाड्यात, जिथे ते चित्र शेकडो चित्रांपैकी एक होतं. डॅव्हनंटच्या घरात हे चित्र हरवणं शक्य नव्हतं, कारण त्याचं सगळं आयुष्य त्या चेहऱ्याच्या माणसाभोवती फिरत होतं.

दप्तरखाना, हॅम्लेटच्या भूमिकेचा दाखला तुम्ही फार नेमका दिलात. पण त्यातून मला वेगळं दिसतं. भूमिका डॅव्हनंटने टेलरला करताना पाहिली आणि बेटरटनला शिकवली, एवढा भाग कुणी खोटा पाडलेला नाही. खोटं ठरतं ते फक्त शेवटचं टोक. मग चित्रालाही तोच न्याय लावा. 'कवीचा मित्र टेलर याने ते काढलं' हे सोडून द्या. तरी १६६८ मध्ये डॅव्हनंट वारला तोवर ते त्याच्याकडे होतं आणि तो ते शेक्सपिअरचं मानत होता, हे उरतं. शेक्सपिअर वारला तेव्हा डॅव्हनंट १० वर्षांचा होता. दहा वर्षांच्या मुलाला घरी येणाऱ्या पाहुण्याचा चेहरा आठवतो. आई-बाप, भाऊ, मद्यशाळेतली गिऱ्हाइकं, जुने नट, किती माणसं होती ज्यांनी कवीला पाहिलं होतं! बढाई मारणाऱ्या माणसाला भलत्याच माणसाचं चित्र भिंतीवर लावून या सगळ्यांसमोर मिरवता आलं असतं का?

तुळशीबाग

आपल्याकडचं एक उदाहरण आठवलं म्हणून लिहितो. शिवाजी महाराजांचं म्हणून एके काळी भलत्याच सरदाराचं चित्र छापलं जात होतं. वा. सी. बेंद्रे यांनी मॅकेंझी संग्रहातल्या डच कागदांच्या आधाराने महाराजांचं चित्र पुढे आणलं आणि ती चूक मोडली. तिथे निर्णय झाला तो चित्रासोबतच्या कागदामुळे. नुसत्या 'घरात असं सांगतात' यावर थांबलो असतो तर आज काय झालं असतं? मी दप्तरखान्याच्या बाजूने.

दप्तरखाना

रंगपेटी, डॅव्हनंटला चेहरा आठवत असेल, मान्य. पण ते चित्र त्याच्याकडे कधी आलं? १६४२ ते १६६० नाट्यगृहं बंद होती. त्या काळात तो यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढला, फ्रान्समध्ये राहिला, लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत होता. चित्र त्याच्याकडे आलं ते १६६० नंतर असेल तर शेक्सपिअर जाऊन ४४ वर्षं उलटली होती, आणि भिंतीकडे बघून 'हा तो नव्हे' म्हणणारे फारसे उरले नव्हते. तुमचा सगळा युक्तिवाद चित्र त्याच्याकडे लवकर आलं होतं यावर उभा आहे, आणि नेमकी तीच तारीख आपल्याकडे नाही.

गॅलरी आज म्हणते की शेक्सपिअर जिवंत असताना त्याला समोर बसवून काढलेलं असण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेलं हे एकमेव चित्र आहे. मला हे वाक्य योग्य वाटतं. त्यात एक शब्द जास्त नको, कमी नको. तुम्हाला तो 'शक्यता' खुपतो.

माझं मत बदलायला काय लागेल तेही सांगून ठेवतो. डॅव्हनंट कर्जात वारला. कर्जबाजारी माणूस वारला की सावकार येतात, दावे लागतात, मालाची मोजदाद होते. त्या दाव्यांच्या कागदांत कुठे 'शेक्सपिअरचं चित्र' अशी एक ओळ आणि किंमत सापडली, तर केकच्या सांगण्याला पहिल्यांदा बाहेरचा साक्षीदार मिळेल.

रंगपेटी

ती ओळ सापडली तरी तुम्ही म्हणाल की सावकाराला तरी कुणी सांगितलं, डॅव्हनंटच्या घरच्यांनीच ना?

दप्तरखाना

म्हणेन. पण सावकाराने त्या चित्राला किती शिलिंग लावले ते बघेन. फुकटचा अभिमान आणि लोकांनी खरी मानलेली वस्तू यांच्या किमतीत फरक पडतो, आणि सावकार बहुधा त्या बाबतीत चुकत नाहीत.